न दाबलेला फुगा

विबेके ल्युंगहोल्मच्या नाकावर राग असतो, असं डेन्मार्कमधल्या ऑलबोर्ग बंदरावरची माणसं म्हणायची. ते तितकंसं खरं नाही. राग तिच्या अंगभर असतो, नाकावर फक्त चष्मा असतो.

शिपयार्ड चालू होतं तेव्हा ती तिथं क्रेन चालवायची. खाली सगळे पुरुष आणि ही एकटी वर, काचेच्या डब्यात. "जपून गं पोरी," असं खालून कुणी ओरडलं की ती भलामोठा लोखंडी पत्रा त्याच्या डोक्यावर नेऊन मुद्दाम लटकवत ठेवायची आणि वरून हात हलवायची. मग तो माणूस पुन्हा कुणालाच पोरी म्हणत नसे. वर बिअरही पोचायची, दोरीला बांधलेल्या बादलीतून. खाली सगळे पितात, मग वरच्या एकटीला तहानलेली कशी ठेवायची, एवढी माणुसकी त्या यार्डात होती. त्या माणुसकीनंच तिची वाट लावली. नवरा गेला. म्हणजे मेला नाही, ओडेन्सला गेला. क्रेन एकदा चुकीच्या बाजूला फिरली, कुणी मेलं नाही हे नशीब, आणि कामगारांचा प्रतिनिधी होल्गर तिला म्हणाला, "उद्यापासून सकाळी आधी माझ्याकडे यायचं, मग वर चढायचं."

होल्गर गेटजवळच्या खोलीत पाण्यात गोळी विरघळवून ग्लास तिच्या हातात द्यायचा. ही गोळी पोटात असताना दारूचा घोट घेतला तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडून फुटेलशी वाटते, आतडी तोंडाशी येतात. त्या काळी आपल्या डेन्मार्कात कितीतरी कारखान्यांत ही रीत होती. गोळी कुणीही देईल. होल्गर समोर बसून राहायचा, आणि तीच खरी गोष्ट होती. ग्लास रिकामा झाल्यावरही तो तिला सोडायचा नाही. बटाट्यांवर पडलेली कीड, मेहुण्याची मोटार, असलं काहीबाही सांगत बसायचा, म्हणजे गोळी आत गेली याची खात्री व्हावी. "मला गोळीनं नाही सोडवलं," विबेके अजून सांगते. "होल्गरच्या बटाट्यांनी सोडवलं. पुन्हा प्यायले असते तर ते पुन्हा पहिल्यापासून ऐकावे लागले असते."

यार्ड बंद पडलं, होल्गर वारला. विबेकेनं शाळांच्या फरशा पुसून नोकरीची उरलेली वर्षं काढली, आणि म्हातारपणी बंदरामागच्या जुन्या मासळीच्या गोदामात जाऊन बसायला लागली. सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची ती बसायची जागा. नाव काहीतरी लांबलचक आहे, पण गावात तिला 'कोरडा अड्डा' म्हणतात. कॉफी, राय नावाच्या धान्याचा काळा पाव, लिव्हरची चटणी आणि विबेकेची बोलणी, असा तिथला रोजचा बेत. सोमवारी आणि गुरुवारी ती सहा-सात जणांना गोळीचा ग्लास देऊन समोर होल्गरसारखी बसते. तिच्याकडे बटाटे नाहीत. ती नगरपालिकेला शिव्या घालते, आणि समोरचा ग्लास संपवून निमूट ऐकतो.

त्यातला एक एगॉन. जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवरचा खानसामा, दाराएवढा माणूस, आवाज मात्र लहान बाळ झोपलंय अशा घरातला. इकडची, जटलंडची माणसं तशी सगळीच कुणाला त्रास नको म्हणणारी, पण एगॉननं कहर केला होता. दुकानदारानं चुकून जास्त पैसे घेतले तर हा बाहेर येऊन मोजायचा, कारण तिथंच मोजले तर त्या बिचाऱ्याला वाईट वाटेल. दारू प्यायचा तीही कुणाला त्रास न देता, पडदे ओढून. त्याची मुलगी आन्या त्या पडद्यांच्या आत वाढली आणि अठराव्या वर्षी निघून गेली. पुढे किती वर्षं तिनं फोन उचलला नाही.

यंदाच्या हिवाळ्यात मात्र उचलला. आन्याची मुलगी कार्ला चौदाची होणार होती. मे महिन्यात तिचं कन्फर्मेशन. चर्चमध्ये पांढरा झगा घालून दीक्षा, मग घरी झेंडे, जेवण, नातेवाइकांनी रचलेली गाणी. आन्या म्हणाली, "बाबा, तोपर्यंत कोरडा राहिलास तर ये. थेंब जरी घेतलास तर येऊ नकोस. मी पुन्हा समजावून सांगणार नाही." एगॉन त्या दिवशी अड्ड्यावर आला आणि कॉफीचा कप हातात धरून नुसताच उभा राहिला. नातीला त्यानं फोटोतच पाहिलं होतं.

"कप ठेव खाली आणि बस," विबेके म्हणाली. "रडायचं असेल तर बसून रड. उभा राहिलास की उजेड अडतो."

त्या दिवसापासून एगॉनला कन्फर्मेशनपर्यंत पोचवणं हे जणू विबेकेचंच काम झालं. सोमवार, गुरुवार, ग्लास, नगरपालिका. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला.

मार्चमध्ये इस्पितळातून एक कागद आला आणि अड्ड्याच्या फळ्यावर लागला. 'तुमच्या मेंदूची मदत हवी आहे.' दारू सोडलेल्यांच्या मेंदूचे फोटो काढायचे होते. मोठ्या चुंबकाच्या नळीत झोपायचं, समोर चित्रं दिसतात, मेंदूचा कुठला भाग पेटतो ते यंत्र टिपतं. एकदा आत्ता, एकदा उन्हाळ्यात. कोण पुन्हा प्यायला लागणार हे आधीच कळलं तर औषध शोधता येईल म्हणे.

"मी जावं म्हणतोय," एगॉन म्हणाला. "या डोक्याचा आजवर कुणाला उपयोग झाला नाही."

"मेल्यावर दे की. घाई काय आहे?"

"मेल्यावर चित्रं दिसत नाहीत, विबेके."

ती हसली. एगॉन विनोद करतो हीच मोठी गोष्ट होती. जा म्हणाली.

नंतर तो म्हणाला की आता गोळी इस्पितळातली नर्सच देणार आहे, तुझी एक खेप वाचली. विबेकेनं विश्वास ठेवला. एगॉन खोटं बोलेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि तो खोटं बोलला, आयुष्यात पहिल्यांदाच धडधडीत, कारण खरं सांगितलं असतं तर तिला काळजी वाटली असती.

एप्रिलच्या एका सोमवारी तो अड्ड्यावर आला नाही. मंगळवारीही नाही. विबेके त्याच्या घरी गेली. भर दुपारी पडदे ओढलेले होते. किल्ली तिच्याकडे होती. एगॉन स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता, पाठ फ्रीजला टेकून. बाटल्या भिंतीशी ओळीनं नीट मांडलेल्या. प्यायल्यावरसुद्धा पसारा नको.

"तू कशाला आलीस?" तो म्हणाला. "उगाच तुला त्रास."

"गाढवा," विबेके म्हणाली, आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. "अरे गाढवा, गोळी असताना प्यायलास कसा? मेला असतास!"

"गोळी नव्हती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गोळी घेणारे त्या अभ्यासात चालत नव्हते, म्हणून त्यानं गोळी बंद केली. महिनाभर तसाच राहिला, जीव मुठीत धरून, आणि राहिला की! त्यांनी त्याला स्वतःच्या पिण्याच्या जागांचे फोटो आणायला सांगितले. जो ब्रँड प्यायचा तो, ज्या ग्लासातून प्यायचा तो, खाडीच्या काठावरचं ते बाकडं. त्यानं आणले, व्यवस्थित पाकिटात घालून. आणि मग नळीत झोपवून, डोकं हलू नये म्हणून दोन्हीकडून उशा कोंबून, तेच फोटो त्याच्या डोळ्यांसमोर एकामागून एक धरले. तोंडात एक बारीक नळी होती. त्यातून जिभेवर थेंब सोडले. बिअरच्या चवीचे.

"बिअरच्या?" विबेकेनं विचारलं.

"थोडेच. त्यांनी आधी सांगितलं होतं सगळं. कागदावर लिहिलं होतं."

"आणि मग?"

"मग माझा कोट दिला. मेंदूचा फोटो दिला. फार छान माणसं आहेत गं ती. कुणी आवाज चढवून बोललं नाही."

विबेकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एगॉनला तिनं एका शेजारणीला बोलावून तिच्या स्वाधीन केलं आणि इस्पितळाकडे जायला सायकलवर टांग टाकली. पुलावर वारा समोरून येत होता. ती वाऱ्यालाही शिव्या देत होती.

अभ्यास करणारा डॉक्टर माल्टे, तिशीतला, कॅनव्हासचे बूट घातलेला, डोळ्यांनी प्रेमळ. वाईट माणूस असता तर विबेकेचं काम सोपं झालं असतं. "या, बसा," तो म्हणाला. "कॉफी घेणार?"

"कॉफी नंतर. मी विबेके, कोरड्या अड्ड्यावरची. एगॉन पितोय."

त्याचा चेहरा पडला. खरंच पडला. "वाईट वाटलं ऐकून," तो म्हणाला. "पण विबेके, आम्ही कुणालाही गोळी बंद करायला सांगत नाही. गोळी घेणारे अभ्यासात बसत नाहीत, एवढंच."

"एवढंच! अरे बाबा, ज्याच्या पुलाला कठडा नाही त्यालाच मी बक्षीस देते, कठडा काढायला कुणाला सांगत नाही, असंच झालं की हे. तुला काय वाटलं, गोळी सोडलेली ही डोकी तुला कुठून मिळत होती? झाडाला लागतात?"

"सगळं नीती समितीनं मंजूर केलेलं आहे. आणि नळीत झोपलेल्याच्या हातात रबरी फुगा असतो. नको वाटलं, अस्वस्थ वाटलं, तर दाबायचा. त्याच क्षणी आम्ही थांबतो. एगॉननं तो दाबला नाही."

"नाही दाबणार! त्याच्या घराला आग लागली तरी तो अग्निशामक दलाला, सवड झाली की या, असं सांगेल. तू कुठला रे?"

"कोपनहेगन."

"तरीच," विबेके म्हणाली. "या भागातल्या किती जणांनी दाबला आजवर?"

माल्टेनं समोरचे कागद चाळले. मग म्हणाला, "कुणीच नाही. म्हणून आम्हाला वाटलं, प्रयोग सहन होण्यासारखा आहे."

तो समजावून सांगायला लागला, आणि तिथंच चुकला. त्याला कामाचं खरंच प्रेम होतं. ज्यांच्या मेंदूत त्या चित्रांनी जास्त खळबळ होते ते लवकर पुन्हा पिऊ लागतात, असा अंदाज होता. तो खरा ठरत होता. किती लोकांना पुढे उपयोग होईल, त्यानं हातवारे करत सांगितलं.

"एगॉनचं किती पेटलं?" विबेकेनं मधेच विचारलं.

"एकेकाचं तसं सांगता येत नाही. मोजदाद वर्षाअखेरीला होते."

"ढोबळ सांग. बटाट्यासारखं. लहान की मोठा?"

त्यानं टेबलाकडे पाहिलं. "मोठा. आजवरच्या सगळ्यांत मोठ्यांपैकी."

"हे कधी दिसलं?"

"ढोबळ तर... पडद्यावर त्याच वेळी दिसतं."

"त्याच वेळी. तो आत असताना." विबेकेचा आवाज एकदम खाली आला. तिला ओळखणारा कुणी तिथं असता तर त्यानं खुर्ची मागे सरकवली असती. "म्हणजे हा माणूस आता पिणार, हे तू काचेपलीकडून बघितलंस. आणि तो बाहेर आल्यावर त्याला काय म्हणालास?"

माल्टेनं पेन टेबलावर ठेवलं.

"आभार मानले," तो म्हणाला. "शुक्रवार होता. वीकेंड छान जावो म्हणालो."

आता यावर काय बोलायचं? मेंदूच्या आतली ठिणगी बघू शकणारं यंत्र आपण बांधलं, आणि त्या यंत्राशेजारी एक खुर्ची ठेवून 'थोडा वेळ बस, एकटा जाऊ नकोस' म्हणणारा माणूस ठेवायचं राहून गेलं. त्याला काही कोटींचं चुंबक लागत नाही. होल्गर जेमतेम सातवी शिकलेला होता असं म्हणून मी त्याला मोठा करणार नाही, तो बऱ्याच बाबतींत मठ्ठच होता. पण तो उठून जात नव्हता.

माल्टेला तिथंच थांबता आलं असतं. पण तो प्रामाणिक होता. "एक सांगू का," तो चाचरत म्हणाला, "उन्हाळ्यातला दुसरा फोटो... एगॉन आला तर आता तो फार मोलाचा ठरेल. पुन्हा प्यायलेल्यांचा आमच्याकडे एक वेगळा गट आहे, आणि त्यात माणसं कमी आहेत."

विबेके उठली. "तो फुगा दाखव."

घाबरणाऱ्यांच्या सरावासाठी शेजारच्या खोलीत चुंबक नसलेली एक नळी ठेवली होती. वायरीच्या टोकाला करड्या रंगाचा रबरी फुगा लोंबत होता, मुठीत मावेल एवढा. तिनं तो हातात घेतला आणि दाबला. भिंतीवरचा भोंगा वाजायला लागला. तिनं सोडला नाही. भोंगा वाजतच राहिला, माल्टे काहीतरी बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही, नर्स धावत आल्या, बोळातून दोन म्हातारे डोकावले.

"हा एगॉनचा!" विबेके भोंग्याच्या वर आवाज काढून ओरडली. क्रेनवरून खालच्या माणसाला ऐकू जाईल असा तो आवाज होता. "त्याच्या वतीनं दाबतेय! थांबा! ऐकू येतंय का? थांबा म्हणतोय तो!"

शेवटी कुणीतरी भिंतीवरून वायर काढली. माल्टे पांढराफटक पडला होता. "मी समितीपुढे मांडतो," तो म्हणाला. "फोटो झाल्यावर सोबत बसायला कुणीतरी असावं, हे मांडतो. पण पुढची बैठक ऑगस्टनंतर."

"दारू ऑगस्टपर्यंत थांबते का ते विचार तुझ्या समितीला," विबेके म्हणाली, आणि कॉफी न घेता निघाली. ऑगस्टपर्यंत दर शुक्रवारी ती त्या बोळात, नळीतून बाहेर येणाऱ्यांसाठी, थर्मास घेऊन बसणार होती, हे तिनं त्याला सांगितलं नाही. विचारलं असतं तर परवानगी काढायला लावली असती. पुढे पहारेकऱ्यांनी तिला दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा एकानं तिच्यासाठी उशी आणली.

एगॉनला तिनं स्वतःच्या घरी आणलं. पहिले दिवस वाईट गेले. डॉक्टर आला, थरथर उतरली. पण कन्फर्मेशन आता तोंडावर आलं होतं, आणि आन्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"सांगू नकोस," विबेके म्हणाली. एरवी अड्ड्यावर कुणी लपवाछपवी केली तर ती त्याची सालटी काढते. "आता तू कोरडा आहेस. ती विचारणार नाही. विचारलं तर मी बघते. चूक तुझी नव्हतीच."

"बाटली मीच आणली ना, विबेके."

"बाटली तू आणलीस, तहान त्यांनी लावली!"

त्यानं मान हलवली, म्हणजे हो की नाही ते कळलं नाही. रविवार उजाडला. एगॉन सकाळीच तयार होऊन बसला. अड्ड्यावरच्या कपड्यांतून मिळालेला निळा कोट त्याला खांद्यांत आखूड होता. केस पाण्यानं चापून बसवले होते. शेजारच्या अंगणात काठीवर झेंडा चढला होता, त्यांच्याकडेही कुणाचं तरी कन्फर्मेशन होतं. बस यायला वेळ होता. आणि त्यानं अचानक फोन उचलून आन्याचा नंबर लावला.

विबेकेनं नको नको म्हणून हात केले. त्यानं पाठ फिरवली.

"आन्या, मी बाबा," तो म्हणाला. "मी एप्रिलमध्ये प्यायलो. चार दिवस. आता बंद आहे. तुला सांगायला हवं होतं."

पलीकडे खूप माणसं होती. कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती. मग दार लावल्याचा आवाज आला आणि शांत झालं. एगॉनचा फोन जुना, आवाज बाहेर येणारा. विबेकेला सगळं ऐकू आलं.

"बाबा, येऊ नकोस," आन्या म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "मी सांगितलं होतं. कार्लाला मी सांगेन, तुला बरं नाही म्हणून. पुढचं पुढे बघू. आज नको."

"बरं," एगॉन म्हणाला. "तिला..." पण फोन बंद झाला होता.

विबेके टेबलावर हात आपटून उठली. "आण इकडे तो फोन! मी सांगते तिला. तुझ्या बापाला नळीत घालून तोंडात दारू सोडली, म्हणावं. यंत्रावर दिसत होतं तरी घरी पाठवलं. तिला कळू दे काय झालं ते! पोरगी म्हणवते आणि..."

एगॉननं फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. इतकी वर्षं ओळख, पण त्यानं विबेकेला कधी अडवलं नव्हतं. कुणालाच अडवलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "तिला बोलायचं नाही काही."

"का? का नाही?"

"ऐकलंस ना तू? घरात पाहुणे, आनंदाचा दिवस, बाप फोनवर. आणि तिनं सरळ नको म्हणून सांगितलं." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर, विबेकेला आधी कळेचना, अभिमान होता. "मला उभ्या जन्मात जमलं नाही ते. माझ्या घरात वाढून तिला कुठून आलं, देव जाणे. ते तिच्यापाशी राहू दे, विबेके. समजावून ते काढून घेऊ नकोस."

विबेकेकडे राग होता, भरपूर होता, आणि त्या खोलीत तो टाकायला जागा नव्हती. तिनं दोन कप काढले, एक परत ठेवला, मग पुन्हा काढला. शेजारी गाणं सुरू झालं होतं.

"कोट काढू का?" एगॉननं विचारलं.

"राहू दे अंगात," ती ओरडली. "तुझ्या नातीचं कन्फर्मेशन आहे आज."

तो संध्याकाळपर्यंत कोट घालून बसला होता.